रुपयाची पेन्शन घेऊन कुठं राहावं?

पुढचा संवाद मेहकरातला. हे मेहकर बुलढाण्याचं नव्हे, बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातलं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, तर भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. तेव्हापासून इथल्या मराठी घरांचं आयुष्य दोन-तीन राज्यांत पसरलेलं आहे. सोयरिकी लातूर-उदगीरला, पगार आणि पेन्शन बेंगळुरूच्या हिशेबातून, मोठा दवाखाना हैदराबाद किंवा सोलापूरला आणि पोरं पुण्याला. म्हणून निवृत्तीनंतर कुठं राहायचं हा प्रश्न इथं निघाला की तो गावाच्या शिवेवर थांबत नाही.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची ही कुणी ठरावीक माणसं नाहीत. सीमाभागातल्या घरांत ऐकलेलं बोलणं मी दोन तोंडांत घातलं आहे. मामा कर्नाटक सरकारच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मेहकरातच राहणारे. भाची सरकारी बँकेत अधिकारी, एकटी. बदल्यांमुळे स्वतःचं घर कधी झालं नाही, आणि आता निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही. परदेशात कमी भाड्याचं घर बघून तिकडंच दीर्घकाळ राहावं, असं तिच्या मनात आहे.

मामा : बाई, तुझ्या मामीनं सांगितलं तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही. थायलंड? तिथं आपलं कोण आहे?

भाची : कुणी नाही, मामा. पण पुण्यात तरी कोण आहे? तिथं एकटीनं राहते म्हटल्यावर घर दाखवायलाच तयार नसतात. एकटी बाई चालत नाही, आणि साठीच्या पुढची भाडेकरू तर त्याहून नाही. म्हणतात, उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला कळवायचं? घर मिळालं तरी अकरा महिन्यांनी पुन्हा दलाली, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा टेम्पो. पन्नाशीपर्यंत हे झेपलं. सत्तरीत कसं झेपेल?

मामा : मग पाच वर्षांचा करार कर.

भाची : महाराष्ट्रात साठ महिन्यांचा करार नोंदवता येतो, कायद्याची आडकाठी नाही. मालकच तयार होत नाहीत. तिकडं चियांग मायसारख्या शहरात हजारो निवृत्त अमेरिकन आणि युरोपियन लोक वर्षानुवर्षं भाड्यानं राहतात. वय बघून त्यांना कुणी दारातून परत पाठवत नाही.

मामा : त्यांना डॉलर मिळतात. तुला काय मिळतं?

या एका प्रश्नात बरंचसं आलं, म्हणून जरा थांबतो. स्वस्त देशात जाऊन निवृत्त होण्याची कल्पना चलनाच्या फरकावर उभी आहे. अमेरिकेत निवृत्त कामगाराला सोशल सिक्युरिटीतून महिन्याला सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. त्या पैशात त्याचं स्वतःच्या शहरात भागत नाही, थायलंडात भागतं. त्याच्या देशातल्या निवृत्तांसाठी लिहिलेला सल्ला आपण रुपयाची पेन्शन हातात धरून वाचतो आणि तो आपल्यालाही लागू आहे असं समजतो.

भाची : हिशेब मीही केलाय, मामा. बँकेत आयुष्य गेलं माझं. पेन्शन साठ हजारांच्या आसपास बसेल. चियांग मायला एका बेडरूमचं घर दहा ते पंधरा हजार बाथला मिळतं.

मामा : रुपयात सांग.

भाची : पंचवीस ते चाळीस हजार.

मामा : म्हणजे पुण्यात वाकडला देतात त्याहून जास्तच की! मग स्वस्त कुठं झालं?

भाची : तिथं लिफ्ट आहे, रखवालदार आहे, दवाखाने चांगले आहेत.

मामा : असतील. पण तू स्वस्त म्हणून निघाली होतीस. आणि मला सांग, ते सरकार तुला किती दिवस राहू देतं?

भाची : पन्नाशीच्या पुढच्या माणसाला एकेक वर्षाची मुदत मिळते. त्यासाठी तिथल्या बँकेत आठ लाख बाथ ठेवायचे, नाहीतर महिन्याला पासष्ट हजार बाथ उत्पन्न दाखवायचं. उत्पन्नाची वाट मला बंदच आहे, ते दीड लाखाच्या वर जातं. पण आठ लाख बाथ म्हणजे वीस लाखांच्या वर, तेवढे माझ्या निवृत्तीच्या पैशांतून ठेवता येतील. पैसे माझेच राहतात.

मामा : तुझेच, पण मोडता येतात का?

भाची : सगळे नाही. 2019 पासून नियम असा आहे की मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने रकमेला हात लावायचा नाही, आणि पुढंही ती चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. शिवाय दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा.

मामा : म्हणजे दुखणं आलं तर तुझाच पैसा तुला अर्धाच मिळणार. आणि घरमालक बरा निघाला तरी सरकार दरवर्षी नव्यानं विचारणार. अकरा महिन्यांचा कंटाळा आला म्हणून तू बारा महिन्यांच्या दारात जाऊन उभी राहतेस, बाई. फरक एका महिन्याचा.

भाचीकडं याला लगेच उत्तर नव्हतं. माझ्या मते मामांच्या बाजूचा आणखी वजनदार मुद्दा त्यांनी काढलाच नाही, तो मी जोडतो. 2015 च्या सुमाराला एक बाथ दोन रुपयांच्या आतच होता, आज तो अडीच रुपयांच्या पुढं आहे. म्हणजे घरमालकानं भाडं एका बाथनंही वाढवलं नाही, तरी रुपयात ते दहा वर्षांत तिसऱ्या हिश्शानं वाढलं असतं. बँकेच्या पेन्शनीचं तर दुखणंच वेगळं. 1995 च्या पेन्शन नियमांखाली निवृत्त झालेल्यांची मूळ पेन्शन पुढच्या वेतन करारांबरोबर वाढत नाही. वाढतो तो महागाई भत्ता, आणि तो इथल्या भावांवर ठरतो. चियांग मायच्या भाजीशी त्याचा संबंध नाही. उत्पन्न भारताच्या महागाईला बांधलेलं आणि खर्च दुसऱ्याच देशाच्या चलनात, अशी वीस वर्षं काढणं धोक्याचं आहे. परदेशात घर शोधणाऱ्यानं भाड्याच्या आकड्याआधी हे बघायला हवं.

भाची : मॉरिशसचं पण बघितलं होतं. तिथं मराठी लोक आहेत, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते.

मामा : ती माणसं कोकणातून गेलेली, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांच्या चार-पाच पिढ्या झाल्या तिथं. गणपती बसवतात हे मोठंच आहे. पण त्यांच्या गणपतीवर तुझा किराणा कसा भरणार?

भाची : नाही भरत. निवृत्तांच्या परवान्यासाठी दरमहा दीड हजार डॉलर बाहेरून आणायची अट काही वर्षं होती. माझी पेन्शन त्याच्या निम्मी. पोर्तुगालचं त्यामानानं बरं. तिथं किमान वेतनाएवढं उत्पन्न दाखवलं की पुरतं, 2025 मध्ये ते 870 युरो होतं. पण व्हिसा मागतानाच घराचा करार दाखवावा लागतो. न बघितलेल्या घराला इथून वर्षाचा करार कसा करायचा? आणि 870 युरो तरी माझ्याकडं कुठं आहेत?

मामा : म्हणजे फिरून फिरून तिथंच. घर परवडतं, दार परवडत नाही.

भाची : एक दार उघडं आहे, मामा. नेपाळ.

मामा : नेपाळ? तो काय परदेश?

भाची : परदेशच. पण 31 जुलै 1950 च्या करारामुळं आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, राहण्याची मुदत नाही, बँकेत काही गुंतवून ठेवायचं नाही. जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, पासष्टीच्या पुढं तर आधारही चालतं. आणि तिथला रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ. थायलंडात जी भीती तुम्ही दाखवली ती इथं नाही. तिथल्या पोखरा शहरात मोठा दवाखाना आहे, मणिपालच्या लोकांनी काढलेला, म्हणजे आपल्याच कर्नाटकातला. गोरखा सैनिकांना पेन्शन देणारं भारत सरकारचं कार्यालय पोखऱ्यात आहे. आणि पाट्या देवनागरीत. भालकीच्या बसची कानडी पाटी मी अजून विचारून घेते, पोखऱ्यातली वाचून चढेन.

मामा : त्या करारात एक वर्षाची नोटीस देऊन तो मोडता येतो, हे वाचलंस का?

भाची : वाचलंय. दहावं कलम. पण सत्तर वर्षांवर झाली, कुणी मोडला नाही.

मामा : मोडला नाही, पण 2015 ला सीमेवर महिनोन्महिने गाड्या अडल्या, गॅस मिळेना. त्याच वर्षी भूकंप. 2025 च्या सप्टेंबरात तर सरकारच कोसळलं, पोखऱ्यातसुद्धा जाळपोळ झाली. पोरंसोरं असती तर पळून आली असती. तुझ्या वयाच्या बाईनं काय करायचं?

भाची : जे तिथल्या माझ्या वयाच्या बाया करतात ते. दार लावून बसायचं आणि शेजारणीकडून दूध मागून घ्यायचं. मामा, जगात कुठंही काहीतरी होणारच. मला रोजचं बघायचंय. रोज सकाळी फिरता येईल का, खोकला झाला तर डॉक्टरकडं चालत जाता येईल का, आणि पुढच्या वर्षी मी त्याच घरात असेन का?

मामा : आणि पडलीस तर? कंबरेचं हाड मोडलं तर? तेव्हा व्हिसा लागत नाही म्हणून काय होणार? उशाला माणूस लागतं.

भाची : पुण्यात तरी उशाला कोण आहे?

मामा : म्हणून तर म्हणतो, इथं ये. मेहकरला. घर एवढं मोठं आहे, वरची माडी रिकामी आहे. तुझ्या मामीलाही सोबत. भालकीला दवाखाना आहे, बीदरला ब्रिम्सचं सरकारी रुग्णालय आहे, उदगीर जवळ. एक पैसा लागणार नाही तुला.

इथं संवाद घराच्या भाड्यावरून घराच्या हक्कावर आला. कित्येक घरांत बोलणं याच जागी येऊन थांबतं. बाईनं परदेशात जाऊन राहायची भाषा केली की तिला एकटेपणाची भीती घालतात, आणि त्या भीतीवर उपाय म्हणून माहेर किंवा आजोळ पुढं करतात. प्रेम खोटं नसतं. पण त्या घरात तिचं स्थान काय, हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

भाची : मामा, रागावू नका. या घरात माझ्या आईचा हिस्सा होता.

मामा : होता. कोण नाही म्हणतंय?

भाची : 1994 ला कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत वाटा दिला, पण आईचं लग्न त्याआधीच झालेलं, म्हणून ती त्यात बसली नाही. 2005 च्या कायद्यानं बसली. तेव्हा तुम्ही सगळे भालकीच्या रजिस्ट्रार कचेरीत गेलात आणि आईनं हक्कसोड लिहून दिली. साडीचोळी झाली, जेवण झालं. आई खुशीनं आली घरी, मला माहीत आहे. मी तिला तेव्हाही बोलले नाही, आज तुम्हालाही बोल लावत नाही. पण ज्या घरातला हक्क माझ्या आईनं सोडून दिला, त्याच घरात मी फुकट राहायला कशी येऊ? तुम्ही आहात तोवर मी भाची. तुमच्या माघारी मी कोण?

मामा : माझी पोरं तुला घराबाहेर काढतील असं वाटतं तुला?

भाची : काढणार नाहीत. पण विकायचं ठरवतील. ते पुण्याला, त्यांची पोरं आणखी पुढं कुठं तरी. घर विकायला निघालं की माडीवर राहणारी आत्या अडचणीची होते. वाईट कुणीच नसतं आणि तरी माणसाला बाहेर पडावं लागतं. भाडं देऊन राहिलं की निदान पावती असते हातात. म्हणून मी परदेश बघत होते, मामा. हौस म्हणून नाही. जिथं मी कुणाची भाची नाही, भाडेकरू आहे, तिथं माझं काय ते स्पष्ट असेल.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे काढलं ते मला पटलं, आणि ते शाळेच्या हेडमास्तरलाच सुचावं असं होतं.

मामा : बरं. मग तू किराया दे.

भाची : तुम्ही घ्याल?

मामा : घ्यायला हात धजत नाही. तुझी मामी तर जेवणार नाही दोन दिवस. पण तुझं म्हणणं मला कळलं. माडीला बाहेरून जिना करून घेऊ, संडास-मोरी वरच काढू. तो खर्च माझा. किराया गावच्या दरानं. आता मला एवढं सांग, कागद कसा करायचा की माझ्यानंतर पोरांनी घर विकलं तरी तुला कुणी हलवू नये?

भाची : लीव्ह अँड लायसन्स नको. तो नुसता वापराचा परवाना. घर दुसऱ्याच्या नावावर गेलं की नवा मालक तो मानायला बांधील नाही. रीतसर भाडेपट्टा करायचा, दहा वर्षांचा, नोंदवलेला. वर्षाच्या पुढचा पट्टा 1908 च्या नोंदणी कायद्यानं नोंदवावाच लागतो, आणि नोंदवला की घर विकलं तरी घेणाऱ्याला ते पट्ट्यासकटच घ्यावं लागतं. घर अजून तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना?

मामा : आहे.

भाची : मग पट्टा तुम्ही लिहून द्यायचा. पण घर वडिलोपार्जित, म्हणून पोरांच्या संमतीच्या सह्याही असाव्यात. म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं.

शहरातले मालक असा पट्टा करायला घाबरतात, कारण जुन्या भाडेनियंत्रणाची आठवण गेलेली नाही. मुंबईत पन्नास वर्षांपूर्वीच्या दरानं राहणारे भाडेकरू त्यांनी बघितलेले आहेत. म्हणून परवान्याची पद्धत रुळली आणि अकरा महिन्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. मालकाच्या बाजूनं ते समजण्यासारखं आहे. पण त्यात तरुण नोकरदार भाडेकरूच धरलेला आहे, जो दोन वर्षांनी आपणच निघून जातो. जिला शेवटपर्यंत राहायचं आहे तिच्यासाठी त्यात जागाच नाही. केंद्रानं 2021 ला राज्यांपुढं नमुना म्हणून ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यानं घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं, ते चांगलंच झालं. वयस्कर भाडेकरूला लांब मुदतीचा हक्क देणारं काही त्यातही नाही. परदेशी घरांच्या शोधात निघालेली कितीतरी माणसं खरं तर हा हक्क शोधत असतात, असं मला वाटतं. स्वस्त भाडं हे त्यांनी स्वतःला आणि घरच्यांना दिलेलं कारण असतं.

तरी मी पूर्ण मामांच्या बाजूचा नाही. मेहकरला राहून भाचीचं सगळं सुटणार नाही. ग्रंथालय, नाटक, बरोबरीच्या बायका, संध्याकाळी फिरायला निघालं तर कुणी कुठं निघालीस म्हणून न विचारणारा रस्ता, हे तिला हवं आहे आणि तिचं ते मागणं रास्त आहे. तिनं ते सांगितलंही.

भाची : एक अट आहे, मामा. मी बाराही महिने इथं राहणार नाही. माझं मूळ घर हे, कागदावरचं. पण थंडी ओसरली की तीनेक महिने मी पोखऱ्याला राहीन. तिथं वर्षाचं घर घ्यायचं नाही, महिन्यामहिन्याच्या भाड्यानं बघायचं. आधी एक मोसम राहून बघते. उन्हाळ्यात तुमच्या या उन्हात माडीवर माझ्याच्यानं बसवणार नाही.

मामा : आणि किराया? ते तीन महिने?

भाची : देणारच. रिकामी असली तरी खोली माझीच.

मामा : दोन्हीकडं किराया भरून पुरेल का तुला?

भाची : गावच्या दरानं घेतलात तर पुरेल. साठ हजारांत पुण्याचं एक घर आणि दोन दलाल पोसण्यापेक्षा हे हलकं पडतं. हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून निघतो, त्यासाठी नोव्हेंबरात कुठं धावायला नको. राहिला आरोग्य विमा. तो भारतातला चालू ठेवायचा आणि तिकडं तीन महिन्यांपुरता प्रवास विमा. बाईच्या हाती एवढं असलं की बास.

मामा : तिथं पडलीस तर?

भाची : तर गोरखपूरची रेल्वे धरून मला न्यायला कोण येईल, ते आत्ताच ठरवू. तुमच्या धाकट्याला सांगा.

मामा : त्याला तू सांग. आणि किरायाचा आकडाही त्याच्यासमोर ठरव, मला त्यात घालू नको. दिवाळीला दोघंही येतायत.

भाची : दिवाळीत नको. दिवाळीत सगळे गोड बोलतात. पट्ट्याचा मसुदा मी आधी दोघांना पाठवते, त्यांच्या बायकांनाही वाचू दे. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं आधी म्हणावं, मग भालकीला जाऊ.